दोन नंबरच्या चाकावरची पाटी

किल्लीताईंचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट त्या लपवतही नसत. दुकानदाराने वजन करून दिलेली साखर त्या घरी येऊन पुन्हा हातावर तोलून बघत. नवरा "आलोच" म्हणाला की विचारत, "कुठून?" स्वतः लावलेलं कुलूप स्वतःच ओढून बघत, आणि जिन्याच्या खालपर्यंत जाऊन परत वर येत, पुन्हा ओढायला. घरात या सवयीची पोटभर चेष्टा व्हायची. पण याच सवयीच्या जोरावर त्यांना म्युझियममध्ये नोकरी लागली होती, हे घरचे सोयीस्करपणे विसरत.

म्युझियम म्हणजे पूर्वीचं पॉवर हाउस. डोंगरावरून जाडजूड लोखंडी पाइप खाली यायचा, त्यातलं पाणी मोठमोठ्या चाकांवर आदळायचं, चाकं फिरायची आणि गावातले दिवे लागायचे. पुढे कुठेतरी लांब मोठं धरण झालं आणि या म्हाताऱ्या मशिनींची कुणाला गरज उरली नाही. बरीच वर्षं तिथे कबुतरांनी सुखाने संसार केले. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हा आपला वारसा आहे. कबुतरांना हाकललं, भिंतींना रंग दिला, तिन्ही मशिनींभोवती जाड दोऱ्या लावल्या आणि जागोजागी 'हात लावू नये' असं लिहिलं. सगळ्या कुलपांच्या किल्ल्या एका जुडग्यात ओवून किल्लीताईंच्या कमरेला आल्या. त्यांचं खरं नाव तेव्हापासून फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

नोकरी मात्र अजून कच्ची होती. "कार्यक्रम एकदा नीट पार पडू दे, मग तुमचं पक्कं करून टाकू," असं मॅडम म्हणाल्या होत्या. मॅडम म्हणजे म्युझियमच्या प्रमुख. सदा घाईत, चष्मा डोक्यावर, आणि तोच चष्मा टेबलावर शोधत असायच्या. कार्यक्रम असा होता, की दोन नंबरच्या मशिनीला बाजूने एक छोटी मोटर जोडायची, आणि इतक्या वर्षांनी ते चाक पाहुण्यांसमोर पुन्हा फिरवायचं. पाणी नाही, वीज नाही, नुसतं फिरणं. "तोवर काही गडबड नको हं ताई," मॅडम म्हणाल्या होत्या.

आणि गडबड नेमकी तेव्हाच सुरू झाली.

हॉलच्या भिंतीवर जुनं काचेचं कपाट होतं. त्यात कामगारांचे पाने, हातमोजे, कंदील असं काय काय मांडलेलं. मधोमध एक लाल पत्र्याची पाटी सुतळीत ओवून खिळ्याला अडकवलेली. रंग उडालेला, तरी अक्षरं वाचता येत: आत माणूस आहे. पूर्वी दुरुस्तीसाठी कुणी मशीनच्या पोटात उतरलं, की आधी ही पाटी वरच्या चाकाला बांधायचं. पाणी सोडायचं जे हाताने फिरवायचं चाक, त्याला. ज्याने बांधली त्यानेच बाहेर येऊन सोडायची, दुसऱ्याने तिला बोटही लावायचं नाही. हे सगळं किल्लीताईंना तोंडपाठ होतं, कारण म्युझियमचा गाइड ते दिवसभर कानीकपाळी ओरडायचा. गाइडला सगळे पोपट म्हणत, त्याच्या तोंडावरसुद्धा.

एके दिवशी दुपारी जेवणाचा डबा धुऊन किल्लीताई हॉलमध्ये आल्या, तर पाटी कपाटात नव्हती. ती दोन नंबरच्या त्या हाताने फिरवायच्या चाकाला बांधलेली होती. व्यवस्थित, घट्ट, अशा गाठीने की सोडवताना नख दुखलं.

कपाटाला कुलूप. कुलपाची किल्ली यांच्या कमरेला. दुसरी मॅडमच्या ड्रॉवरमध्ये, आणि मॅडम त्या दिवशी बाहेरगावी.

किल्लीताईंनी इकडेतिकडे बघितलं, पटकन पाटी सोडली आणि कपाटात जागच्या जागी लावून टाकली. उद्या कुणी विचारलं असतं, की कुलूपबंद कपाटातली वस्तू बाहेर आली कशी, तर बोट कुणाकडे गेलं असतं? ज्याच्याकडे किल्ली त्याच्याकडेच ना.

त्यांचा पहिला संशय पोपटवर. त्याची मेहुणी नोकरी शोधत होती. शोधत होती म्हणजे, ती रोज चहाच्या वेळेला म्युझियममध्ये येऊन किल्लीताईंच्या खुर्चीकडे मायेने बघत बसायची. किल्लीताईंनी कपाटाच्या कुलपावर एक काळा दोरा आडवा चिकटवून ठेवला. उघडलं तर तुटणारच. तीन-चार दिवस त्या हॉलमधून जाता-येता दोऱ्यावर नजर ठेवून होत्या.

"ताई, डोळ्यांत काही गेलंय का?" पोपटने एकदा विचारलं. "सारखं बारीक करून बघताय."

"बघावं लागतं," किल्लीताई म्हणाल्या. "सगळीच माणसं सरळ नसतात."

"ते खरं. परवा मलाही पाटीची गाठ वेगळी वाटली. जुन्या वस्तूंना कुणी हात लावतं की काय."

हा माणूस स्वतःच विषय काढतोय म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा, असं किल्लीताईंनी मनात नोंदवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा चाकावर. आणि कुलपावरचा दोरा जसाच्या तसा. न तुटता, न हलता.

त्या दिवशी त्यांना डबा गोड लागला नाही.

घरी वेगळंच प्रकरण शिजत होतं. सासरे याच पॉवर हाउसमध्ये आयुष्यभर ऑपरेटर होते. मशिनींच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते. घरात त्यांच्याशी बोलायचं म्हणजे एवढं ओरडावं लागे, की आज भाजी कुठली ते अख्ख्या जिन्याला कळे. त्यामुळे हळूहळू सगळे त्यांच्याशी कमीच बोलत. जेवायला या, झोपा आता, दार लावा, एवढंच. म्युझियम उघडलं तेव्हा ते रोज यायला लागले, आणि हात लावू नये म्हटलेल्या एकूण एक वस्तूला हात लावायला लागले. शेवटी मॅडमनी किल्लीताईंना केबिनमध्ये बोलावलं. "आजोबांना जरा घरीच ठेवा. इतर लोकही मग हात लावतात. आणि तुमच्याच घरचे म्हटल्यावर, बरं नाही दिसत." किल्लीताईंनी घरी येऊन ते ओरडून सांगितलं. सासऱ्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं.

तेव्हापासून ते दुपारी छत्री घेऊन कालव्याकाठच्या बाकावर जाऊन बसत. निदान सांगत तरी तसं.

"कुठल्या बाकावर?" एका संध्याकाळी किल्लीताईंनी नवऱ्याला विचारलं. "पायजमा मागून ओला असतो. बाक काय कालव्यात आहे?"

"अगं, बसत असतील पायऱ्यांवर."

"आणि सदऱ्याला वास कसला येतो? शेवाळ्याचा. शिवाय तेलकट."

नवऱ्याने पेपर खाली केला. "तुला काय म्हणायचंय, बाबांचं या वयात कुठे..."

"मी काही म्हणत नाही. मी वास येतो म्हणते."

"भेटली असेल कुणी ओलसर," म्हणून नवरा स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसला. सासरे समोर जेवत होते. दोघांचे ओठ हलताना त्यांनी बघितले, हसणंही बघितलं. मग घास खाली ठेवून म्हणाले, "लोकांना शिस्त राहिली नाही. बांधलेलं सोडतात. विचारायचं नाही, बघायचं नाही. सरळ सोडतात."

"काय बांधलेलं, बाबा?" किल्लीताई ओरडल्या.

त्यांनी सुनेकडे असं बघितलं, की जणू तीही लोकांतलीच. "काही नाही," म्हणाले, आणि उठून हात धुवायला गेले.

किल्लीताईंच्या मनात पाल चुकचुकली. पण ती घरातल्या भिंतीवरची पाल होती. म्युझियमच्या भिंतीवरची वेगळी. दोन्ही पाली एकच असतील हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. संशयी माणसाला हे एक दुखणं असतं. त्याच्याकडे संशय इतके, की एकाची दुसऱ्याशी ओळख करून द्यायला सवडच मिळत नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम होती. मोटरवाला सकाळपासून दोन नंबरपाशी वाकून बसला होता. छोटी मोटर, तिचा पट्टा, आणि खांबावर एक हिरवं बटण. दुपारी तो जेवायला गेला, मॅडम फोनवर, पोपट बाहेर सावलीत आपलं भाषण पाठ करत फेऱ्या मारत होता. किल्लीताई डबा धुऊन हॉलमध्ये आल्या.

पाटी चाकावर होती.

आज त्यांना घाबरायलाही वेळ नव्हता, नुसता संताप आला. आजच. मुद्दाम आजच. मॅडमसमोर, तालमीच्या वेळी, म्हणजे माझं पक्कं व्हायच्या आत मला कच्चं खायला. त्यांनी दात लावून गाठ सोडवली. कपाटात परत ठेवण्यात काही अर्थ नव्हता, कुलूप त्या कपाटाला शोभेपुरतंच होतं हे आता दिसत होतं. पाटी त्यांनी आपल्या पर्समध्ये कोंबली. आज इथून ती कोण काढतो तेच बघते, म्हणाल्या, आणि पर्स काखेत दाबून धरली.

थोड्या वेळाने सगळे जमले. मॅडम खुर्चीत बसल्या, मोटरवाला पट्ट्यापाशी, पोपट हिरव्या बटणापाशी. त्याची मेहुणीही होती, पाहुण्यांच्या भूमिकेत.

"सुरू करा," मॅडम म्हणाल्या. "बटण भाषण संपल्यावर. उद्या जसं करणार अगदी तसंच."

पोपटने घसा साफ केला. पाइपापासून सुरुवात केली, पाणी खाली आणलं, चाकाला फिरवलं. "हे जे चाक आपण वरून बघतो, त्याचा खरा भाग खाली आहे, मशीनच्या पोटात. त्याच्या कडेला सगळीकडे वाट्या. पाण्याचा फवारा वाट्यांवर बसला की चाक गरगर फिरतं. दुरुस्तीसाठी माणूस खालच्या छोट्या दाराने त्या पोटात शिरायचा. पण शिरण्याआधी तो काय करायचा? तर ही जी पाटी आपण बघताय..."

त्याने झोकात हात कपाटाकडे केला. हात तिथेच राहिला.

"पाटी कुठंय?"

मॅडमनी डोक्यावरचा चष्मा खाली घेतला. कपाटाकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं, आणि मग किल्लीताईंच्या कमरेकडे. हळूहळू सगळ्यांनीच तिकडे बघितलं. मेहुणीने तर खुर्ची पुढे सरकवून बघितलं.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

किल्लीताई पर्स घट्ट धरून उभ्या होत्या. बोलायला तोंड उघडलं असतं, तर पर्स उघडावी लागली असती.

"ते नंतर बघू," मॅडमनी घड्याळ बघितलं. "पाटी आहे असं समजा आणि पुढे चला."

"तर ही पाटी तो वरच्या, पाणी सोडायच्या चाकाला बांधायचा," पोपट घाईघाईने म्हणाला. "पाटी दिसली की आत माणूस आहे. बास. मग साहेब येऊ दे, कुणी येऊ दे, मशीन चालू होणार नाही. कारण आतल्या माणसाला बाहेरचं काही ऐकू येत नाही." त्याचा अंगठा बटणावर गेला.

हे वाक्य किल्लीताईंनी रोज ऐकलं होतं. इतकं, की ते कानावरून पंख्याच्या घरघरीसारखं जायचं. आज ते कुठेतरी अडकलं. ऐकू येत नाही. ओला पायजमा. शेवाळं आणि तेल. बांधलेलं सोडतात. आणि ती गाठ, नख दुखवणारी. तशीच गाठ घरच्या गच्चीवर कपड्यांच्या दोरीला होती, आणि ती सोडवताना दर वेळी त्या सासऱ्यांच्या नावाने बोटं मोडत.

"थांबा," त्या म्हणाल्या.

पोपट थांबला नव्हता, पण किल्लीताई त्याच्या आणि खांबाच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पर्स उघडली, लाल पाटी बाहेर काढली, आणि दोन नंबरच्या चाकाला बांधली.

मग पोपट म्हणाला, "बघा मॅडम. मी काही बोललो नव्हतो हं."

"ताई, हा काय प्रकार आहे?"

"आत माणूस आहे," किल्लीताई म्हणाल्या.

"हो, ते लिहिलंय त्यावर," पोपट म्हणाला. मेहुणी हसली. मोटरवाला मात्र हसला नाही. त्याने निमूटपणे उठून मोटरची पिन काढली आणि हातात धरून उभा राहिला.

किल्लीताई तोवर लोखंडी जिन्याने खाली गेल्या होत्या. खालच्या मजल्यावर कधी कुणी येत नसे, तिथे बघण्यासारखं काही मांडलेलंच नव्हतं. मागचं कामगारांचं दार, जे बंद असतं असा त्यांचा समज होता, ते नुसतं लोटलेलं होतं. आणि दोन नंबरच्या पोटाचं छोटं दार कमरेइतकं उघडं. त्याच्या कडीला एक छत्री टांगलेली. व्यवस्थित, मिटून, बटण लावून.

त्या वाकून आत शिरल्या.

आत हिरवट अंधार होता, खालून पाणी जायच्या बोगद्यातून तेवढा उजेड येत होता. एका फळीवर सासरे बसले होते. डोळे मिटलेले. एक हात त्यांनी वर करून चाकाच्या वाटीत ठेवला होता, खांद्यापर्यंत, जसा माणूस शेजाऱ्याच्या खुर्चीच्या पाठीवर टाकतो तसा.

"बाबा," किल्लीताई म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले. "तू इथे कशी?"

"हात काढा. आधी चाकातून हात काढा."

"काढतो. ओरडतेस कशाला? ऐकू येतं मला."

त्या ओरडल्या नव्हत्या. त्या कुजबुजल्या होत्या. दोघांनाही ते एकदमच कळलं.

"इथे येतं ऐकू," सासरे जरा ओशाळून म्हणाले. "लोखंडामुळे असेल. घरी तुमचे सगळ्यांचे ओठ हलतात नुसते. काय बोलता, मला हसता की रडता, काही कळत नाही. इथे हे कळतं. ऐक."

पाइपातून डोंगराचं झिरपणारं पाणी नळीच्या तोंडाशी जमत होतं. थेंब वाटीत पडला, टण्ण. मग वाटीतून खाली, पाण्यात, टुप्प.

"इथे येऊन हेच ऐकत बसता?"

"हेच. कधी तू चालतेस ते वरून ऐकू येतं. जुडगा वाजतो."

किल्लीताईंनी पदराने नाक पुसलं. "बाहेर या आता."

"येतो. घाई कसली? वर पाटी बांधलीय."

त्यांनी सासऱ्यांचा दंड धरला आणि त्यांना दारातून बाहेर काढलं. कडीवरची छत्री घ्यायला मात्र ते विसरले नाहीत.

वर आले तेव्हा सगळे मगाशी होते तिथेच होते, फक्त मॅडम खुर्चीतून उठून उभ्या होत्या. पोपटने हात खिशात घातले होते, जणू तो अंगठा कुणाला दिसू नये. सासऱ्यांनी कुणाकडे बघितलं नाही. ते सरळ चाकापाशी गेले. सुतळी बोटांत धरली.

"ही गाठ माझी नाही."

त्यांनी मान वर केली, आणि एकेकाकडे बघितलं. मोटरवाल्याकडे. मॅडमकडे. पोपटकडे सगळ्यात जास्त वेळ.

"मी सोडली होती," किल्लीताई म्हणाल्या.

"काय?"

"मी सोडली होती, बाबा. मग परत बांधली."

"नीट बोल. काय?"

तेव्हा किल्लीताईंना ते घरच्यासारखं, पोटातून ओरडून सांगावं लागलं. मी सोडली होती. हॉलचं छप्पर उंच होतं, वरून ते सावकाश परत आलं. रस्त्यावरच्या माणसालासुद्धा ऐकू गेलं असेल.

सासऱ्यांनी पुन्हा सुतळीकडे बघितलं. मग म्हणाले, "आधीच्या वेळीसुद्धा?"

किल्लीताईंनी होकारार्थी मान हलवली.

"मला वाटलं हा पोपट."

"मलाही," किल्लीताई म्हणाल्या.

"मी काय केलंय?" पोपट म्हणाला, पण त्याच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"आणि कपाट?" मॅडमनी विचारलं. "ते कसं उघडलं यांनी?"

सासऱ्यांना ते ऐकू आलं नाही, पण मॅडमची नजर त्यांना समजली. ते कपाटापाशी गेले, दाराला दोन्ही हातांनी धरून जरा वर उचललं, आणि कुलपासकट अख्खं दार बिजागरीतून निघून त्यांच्या हातात आलं. ते तसंच परत बसवलं. "मी कामाला लागलो तेव्हा याची किल्ली पहिल्या महिन्यातच हरवली होती. तेव्हापासून असंच उघडायचो," म्हणाले.

मॅडमनी कपाळ चोळलं. "ताई, पाटी तुमच्या पर्समध्ये होती हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा," किल्लीताई म्हणाल्या. भीती वाटायची जागा आधीच वापरली गेली होती. "आणि हेही कळवा, की बटण दाबण्याआधी आत कुणीच बघितलं नव्हतं. उद्या पाहुणे आल्यावर तरी कोण बघणार आहे?"

मॅडमनी मोटरवाल्याकडे बघितलं, मोटरवाल्याने हातातल्या पिनकडे, पोपटने छताकडे.

"तुम्ही बघाल?" मॅडमनी शेवटी विचारलं.

"मीच बघणार," किल्लीताई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

"बरं, आता ती पाटी तरी काढा. तालीम राहिलीय."

पोपट पुढे झाला. सासऱ्यांनी छत्री आडवी धरली. "ज्याने बांधली तो सोडेल."

"मग सोडा ना आजोबा."

"मी नाही बांधलेली. ही हिची गाठ." ते सुनेकडे वळले आणि तिची परीक्षा घेत असल्यासारखे म्हणाले, "सोडायच्या आधी काय करायचं?"

"आत बघायचं."

त्यांनी ओठ वाचले. "मग बघ."

"अहो, पण आत कोण असणार?" मॅडम म्हणाल्या. "सगळे इथे उभे आहोत."

किल्लीताई तोवर जिन्यावर होत्या. खाली जाऊन त्यांनी छोट्या दारातून आत डोकं घातलं. फळी रिकामी होती. चाक स्तब्ध होतं. "कुणी आहे का?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, आणि त्यांचाच आवाज वाट्यावाट्यांतून फिरून त्यांच्याकडे आला. कुणी नव्हतं. दिसतच होतं की कुणी नव्हतं. तरी त्या तशाच वाकून थांबल्या, वरून मॅडमची हाक आली तरी. टण्ण. मग टुप्प. आणखी एक थेंब पडेपर्यंत त्यांनी वाट बघितली, मग दार लावलं, कडी घातली, ओढून बघितली, आणि दोन पायऱ्या चढून पुन्हा खाली आल्या, कडी ओढायला.